कडी

पहिल्या गुरुवारी म्हणाला, नळी अठरा इंची.
वहीत मांडली.
दुसऱ्या गुरुवारी म्हणाला, बावीस,
आखूड नळी फार भुंकते.
अठरा खोडून बावीस केले.
ब्यूटमध्ये हिवाळा लांब, पेन्सिल स्वस्त,
आणि डेन्झिल पेनहॅलोनं अर्धे पैसे आधीच
कॉफीच्या डब्यातून काउंटरवर ओतलेले.
मोजून घे आयली, म्हणाला,
तुझा बापही मोजून घ्यायचा.

वही बापाचीच.
पहिल्या पानावर त्याच्या फिनिशमध्ये एक ओळ,
तिचा अर्थ साधारण असा, की
माप घ्यावं, मनावर घेऊ नये.

म्हणून मी माप घेतलं,
कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत,
शिंप्यासारखी, पेन्सिल दातांत धरून.
सव्वातेरा इंच.
तो हात वाकवून उभा,
लग्नाचा कोट शिवायला आलेल्या नवऱ्यासारखा ताठ.
वय अठ्ठ्याहत्तर.

दस्ता कशाचा?
अक्रोडाचा. नाही, बर्चचा.
नाही, तो काळा प्लास्टिकचा, पावसात फुगत नाही.
इथे कुठला एवढा पाऊस, डेन्झिल?
इथला नाही म्हणत मी, म्हणाला,
आणि खिडकीतून बंद खाणीच्या खड्ड्याकडे बघत बसला,
जिथलं पाणी काढ्यासारखं तांबडं.
बऱ्याच वेळानं: अक्रोडच लिही.

माशी रुंद हवी, डोळ्यात मोतीबिंदू आहे.
मग अरुंद हवी, मोतीबिंदू मार्चमध्ये काढणार आहे.
वर दुर्बीण?
दुर्बिणीतून एकच माणूस दिसतो,
मला बाकीचे कुठे आहेत तेही दिसायला हवं.
चाप साडेचार पौंडांवर सुटावा.
आणि वजन? वजन किती चालेल?
यावर हसला.
तेव्हा अकरा पौंड होतं, भरलेलं.
आता दुधाचा कॅन उचलला तरी खांदा बोंब मारतो.
मग हलकी बांधू?
नको. अकराच.

मला वाटू लागलं, याला बंदूक नकोच आहे,
गुरुवार हवाय.
शेगडीशेजारची खुर्ची, कानशीचा आवाज,
कुणीतरी आपलं म्हणणं लिहून घेतंय एवढंच.
असे येतात. बापाकडेही यायचे.
नळी मी मागवलीसुद्धा नव्हती.

अकराव्या गुरुवारी दारापर्यंत गेला, परत फिरला.
पट्ट्याची कडी राहिली, म्हणाला.
कुठली? पोलादी, पितळी, रुंद?
कुठलीही. वाजता कामा नये.

मग उभ्याउभ्याच, टोपी डोक्यावर ठेवून:
अल्सीड टिबोडो म्हणून पोरगा होता आमच्यात, लुइझियानाचा.
त्याची पुढची कडी सैल. चालला की किणकिण.
सार्जंट म्हणाला, चिकटपट्टी गुंडाळ तिला.
चिकटपट्टी माझ्याकडे होती.
माझ्या पिशवीत, अगदी तळाशी.
सकाळी देतो म्हणालो.

पुढचं मी विचारलं नाही.
त्यानं कॉलर वर केली, गेला.

त्या रात्री बाकीचं सगळं तसंच ठेवून,
नळी दोनदा खोडलेली, लाकूड तीनदा,
मी कडीला हात घातला.
अशी शेवटाकडून कुणी बंदूक बांधत नाही.
खोबणीत चामड्याची चकती बसवली, मेण चोळलं,
कानाशी धरून हलवली.
वाजली.
काढली, केसभर घासली, पुन्हा हलवली.
बापाचं भिंतीवरचं घड्याळ मध्ये मध्ये बोलत होतं,
त्याचा लंबक हातानं धरला.
पहाटे तीनच्या सुमाराला कधीतरी
ती हलताना दिसली,
ऐकू आली नाही.

वहीत लिहिलं: कडी, झाली.
बारावा गुरुवार सहा दिवसांवर आहे.
नळीचं काय ते तेव्हा बघू.